तोंड येण्याआधीचा तांबडा उजेड

मराठीत डोळे येतात, तोंड येतं, पूर्वी देवी यायच्या. आपलं दुखणं पाहुण्यासारखं येतं, चार दिवस राहतं आणि आल्या वाटेनं जातं. वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात, आमच्या कामरगावच्या बाजूला, या पाहुण्याची सरबराईही ठरलेली असते. जाईची पानं चघळायची, तुरटीच्या पाण्यानं गुळण्या करायच्या, साजूक तुपाचं बोट गालाच्या आतून फिरवायचं, आणि ठेच्याला चार दिवस हात लावायचा नाही. आठवडाभरात तोंड साफ होतं.

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरवर किरणोपचार घेणाऱ्या माणसाचंही तोंडच येतं. शब्द तोच असल्यामुळे घरच्यांना वाटतं, दुखणंही तेच असेल. पण इथे एकदोन फोड येऊन थांबत नाही. गालांची आतली बाजू, ओठांची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग अक्षरशः सोलून निघतो. भाकर तर दूरच, दुधात कुस्करलेला घासही उतरत नाही. पुढे पुढे स्वतःची लाळ गिळायची म्हटली तरी माणूस मान आक्रसून घेतो. ‘काहीच गिळवत नाही जी,’ एवढंच तो डॉक्टरांना सांगू शकतो, कारण बोलतानाही जीभ त्या जखमांवर घासत असते.

या दुखण्याला वैद्यकात ओरल म्युकोसायटिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. शून्य म्हणजे तोंड ठीक, तिसरी म्हणजे फक्त पातळ पदार्थ जातात, चौथी म्हणजे तोंडावाटे काहीच जात नाही. किती फोड आले यापेक्षा माणूस काय खाऊ शकतो, यावर या पायऱ्या मुख्यतः ठरतात. मला हे मोजमाप फार माणुसकीचं वाटतं.

आता यावरचा एक उपाय सांगतो. ऐकल्यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. पेनासारखी एक नळी तोंडात धरायची. तिच्या टोकातून तांबडा उजेड पडतो. तो गालावर, ओठावर, जिभेवर ठिकठिकाणी काही सेकंद ठेवायचा. चटका बसत नाही, सुई टोचत नाही, औषध पोटात जात नाही. पंधरावीस मिनिटांत काम होतं. हे रोज केलं, आणि वेळेवर सुरू केलं, तर तोंड सोलण्याची तीव्रता खरोखर कमी होते.

उजेडानं जखम कशी आवरते, हे कळायला आधी ती जखम कशी होते ते पाहावं लागेल.

गालाच्या आतून जीभ फिरवून पाहा. तो जो मऊ, ओला गुळगुळीतपणा लागतो, ते अस्तर जुनं नाही. साधारण एक ते दोन आठवड्यांत ते सगळंच्या सगळं नवं होतं. तळाच्या थरात पेशी सतत दुभंगत असतात, नव्या पेशी वर सरकत जातात आणि वरच्या थरातल्या जुन्या पेशी घासाबरोबर, चुळीबरोबर झडतात. हाताच्या कातडीला याच कामाला महिनाभर लागतो. गरम चहानं पोळलेलं तोंड दोन दिवसांत बरं होतं ते या चपळाईमुळे.

आणि कॅन्सरच्या उपचारात हीच चपळाई अंगाशी येते. केमोथेरपीची औषधं भराभर दुभंगणाऱ्या पेशींना गाठतात. ती पेशी गाठीतली आहे की गालातली, हे त्यांना कळत नाही. तळाचं काम थांबतं. वरचा माल मात्र रोज झडतच राहतो, खालून भर येत नाही, आणि सातआठ दिवसांनी अस्तर विरून खालचं उघडं पडतं. औषध सोमवारी दिलं तरी तोंड पुढच्या आठवड्यात का येतं, याचं हे अर्धं उत्तर झालं.

उरलेलं अर्धं बॉस्टनच्या स्टीफन सोनिस यांनी दाखवलं. त्यांनी या दुखण्याचे पाच टप्पे सांगितले. त्यांतले पहिले तीन डोळ्यांना दिसतच नाहीत. किरणांचा किंवा औषधाचा पहिला मारा झाला की अस्तराच्या खालच्या ऊतींत दाहाचे संदेश सुटतात, एक संदेश दुसऱ्याला उठवतो, आणि वरून तोंड लालगुलाबी निरोगी दिसत असताना आत सगळं पेटत जातं. फोड हा चौथा टप्पा आहे, आणि भरून येणं पाचवा. म्हणजे माणूस ज्या दिवशी ‘तोंड आलं’ म्हणतो, त्याच्या कितीतरी दिवस आधी ते आलेलं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. उजेड कधी द्यायचा, हे तिच्यावरच ठरतं.

उजेडाची गोष्ट मात्र उंदरांच्या केसांपासून सुरू होते. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणिकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. काही वर्षांनी हंगेरीत, बुडापेस्टमध्ये, एंद्रे मेस्टर नावाच्या शल्यचिकित्सकाला प्रश्न पडला की या नव्या किरणानं कॅन्सर तर होत नाही? त्यानं उंदरांच्या पाठी भादरल्या आणि काहींवर माणिक-लेझरचा मंद किरण सोडला. कॅन्सर काही झाला नाही. मात्र किरण पडलेल्या उंदरांच्या पाठीवर केस लवकर उगवले. हे १९६७ सालचं. धोका शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती वाढ लागली. एखाद्यानं हा योगायोग म्हणून वहीत टिपून पान उलटलं असतं. मेस्टर तिथेच थांबला. मग त्यानं बऱ्या न होणाऱ्या पायांच्या जखमांवर हाच मंद किरण वापरून पाहायला सुरुवात केली.

लेझर म्हटलं की आपल्याला कापणारा, जाळणारा किरण आठवतो, किंवा गणपतीच्या मिरवणुकीत डोळ्यांना इजा करणारा. इथला किरण शक्तीनं फार लहान आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत दिलेलं एक प्रमाण असं आहे: ६५० नॅनोमीटर तरंगलांबी, ४० मिलिवॉट शक्ती, आणि दर चौरस सेंटीमीटरला २ जूल ऊर्जा. दोन जूल म्हणजे किती? दोनशे ग्रॅमचा एक पेरू जमिनीवरून उचलून मीटरभर उंचीच्या ओट्यावर ठेवायला जेवढी ऊर्जा लागेल, तेवढी. नखाएवढ्या जागेवर पेरूभर ताकदीचा उजेड. त्यानं कातडी धड कोमटही होत नाही. म्हणून याला ‘कोल्ड लेझर’ही म्हणत. हल्ली फोटोबायोमॉड्युलेशन हे भारदस्त नाव रूढ झालंय.

मग तांबडाच का? रात्री दिवे गेल्यावर मोबाइलची बॅटरी तळहाताखाली धरून पाहा. बॅटरीचा उजेड पांढरा असतो, पण बोटं लाल दिसतात. निळा आणि हिरवा उजेड रक्त वाटेतच पिऊन टाकतं, लाल तेवढा पार होतो. लहानपणी हा खेळ सगळ्यांनीच खेळलाय. शरीरात आतवर पोचायची वाट कोणत्या रंगाला मोकळी आहे, हे तेव्हाच आपल्या हातावर दिसलेलं असतं.

आत पोचल्यावर तो उजेड कुणाला भेटतो? प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक कण असतात, पेशीच्या चुलीच म्हणा. तिथे अन्नातली ऊर्जा प्राणवायूच्या मदतीनं पेशीच्या कामी येते. त्या साखळीच्या शेवटच्या कडीला सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ म्हणतात. त्या रेणूत लोखंड आहे, तांबं आहे. आपण आयुष्यभर घेतलेल्या श्वासातला बहुतेक प्राणवायू शेवटी या एका रेणूपाशी येऊन पाणी होतो. आणि हा रेणू लाल व त्यापलीकडचा अवरक्त उजेड शोषतो. रशियातल्या टीना कारू यांनी या रेणूकडे बोट दाखवलं. सगळ्यांत जास्त मांडला जाणारा तर्क असा: घायाळ पेशीत नायट्रिक ऑक्साइड या रेणूला चिकटून बसतो आणि प्राणवायूची जागा अडवतो, लाल उजेडाचा धक्का बसला की तो सुटतो, आणि चूल पुन्हा धरते. पेशीकडे दुरुस्तीसाठी बळ येतं, दाहाचे संदेश मंदावतात. या तर्कावर अजून वाद चालू आहे, आणि उजेडाच्या इतर वाटाही तपासल्या जात आहेत.

मला यात शेताची आठवण येते. सोयाबीनचं, तुरीचं पान सूर्याच्या उजेडातून लाल आणि निळा भाग उचलतं आणि हिरवा बराचसा परत टाकतं, म्हणून ते आपल्याला हिरवं दिसतं. पानातला रेणू वेगळा, काम वेगळं. पण रोपाची आणि तोंडाची गाठ खरोखर पडली आहे. अंतराळयानात रोपं वाढवण्यासाठी नासाच्या पैशातून लाल एलईडी दिवे तयार झाले. तेच तंत्र अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या वैद्यकीय महाविद्यालयात हॅरी व्हेलन यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या मुलांच्या गालाला बाहेरून लावून पाहिलं आणि २००२ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोपांसाठी केलेला दिवा मुलांच्या तोंडाच्या कामी आला, हे वाचलं तेव्हा मी ते पान दोनदा वाचलं.

उजेड जास्त दिला तर जास्त गुण यावा, असं वाटेल. तसं होत नाही. ठरावीक मात्रेपर्यंत पेशी चेतते, पुढे गेलं तर परिणाम उतरतो, आणि फारच दिला तर उलटा होतो. अति तिथे माती. म्हणून यंत्राची शक्ती, तरंगलांबी, वेळ आणि जागा हे सगळं औषधाच्या मात्रेसारखंच मोजून द्यावं लागतं. दाताच्या दवाखान्यात हिरडी कापायला वापरतात तो डायोड लेझर त्याच मापावर ठेवून चालत नाही.

किरणोपचारांच्या रुग्णापेक्षा अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णाची हकिगत आणखी नाजूक असते. भारतात पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालं. ते डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते चाकांच्या खुर्चीवरून काम करणारे डॉक्टर. ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली होती. या उपचारात आधी जबर मात्रेची केमोथेरपी देऊन जुनी मज्जा रिकामी करतात, मग नव्या मूळपेशी सोडतात. त्या रुजेपर्यंत दोनतीन आठवडे अंगात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. आणि नेमकं त्याच दिवसांत तोंड सोलतं. तोंडात जंतू नेहमीच असतात, एरवी अस्तर त्यांना अडवतं. आता भिंत पडलेली आणि राखणदारही नाही. जंतू थेट रक्तात उतरतात. मॉर्फिन लागतं, शिरेतून अन्न द्यावं लागतं. सोनिस यांच्याच गटानं २००१ साली ९२ प्रत्यारोपण-रुग्णांच्या नोंदी तपासल्या. तोंडाच्या जखमांचं माप एका अंकानं वाढलं की गंभीर जंतुसंसर्गाचा धोका दुपटीहून जास्त होत होता आणि रुग्णालयातले दिवस सरासरी २.६ नी वाढत होते. तोंडातल्या फोडाला किरकोळ समजणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

प्रत्यारोपणातच या उजेडाची सुरुवातीची एक पक्की परीक्षा झाली. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना खरा हेलियम-निऑन लेझर दिला होता, काहींना नुसता त्याचा देखावा. ज्यांना खरा मिळाला त्यांच्या जखमा सौम्य राहिल्या.

आपल्याला जवळचा पुरावा कर्नाटकातल्या मणिपालचा आहे. तिथल्या अजय प्रसाद गौतम, अरुण मैय्या आणि सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरचे, केमो आणि रेडिएशन दोन्ही एकदम घेणारे २२१ रुग्ण घेतले आणि २०१२ साली निष्कर्ष मांडले. सगळ्यांच्या तोंडात रोज रेडिएशनच्या आधी तीच नळी धरली जायची. निम्म्यांच्या वेळी लेझर चालू असे, निम्म्यांच्या वेळी बंद. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला कळू दिलं नव्हतं. चालू लेझरवाल्यांत तीव्र म्युकोसायटिस कमी झाला, वेदना कमी, गिळण्याचा त्रास कमी, अफूवर्गीय औषधांची गरज कमी. भारतीय तोंडं, भारतीय वॉर्ड, भारतीय गर्दी. ‘हे परदेशातलं’ म्हणून बाजूला सारण्याची सोय या अभ्यासानं ठेवली नाही.

२०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी या उपायाची शिफारस केली, २०१८ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं मान्यता दिली, आणि २०२० मध्ये ती शिफारस डोक्या-मानेच्या किरणोपचारांपर्यंत वाढली. त्या सगळ्या कागदांत एक शब्द महत्त्वाचा आहे: प्रतिबंध. फोड आल्यावर उजेडानं आराम पडू शकतो, पण शिफारशीचं खरं बळ फोड येण्याआधी सुरू करण्याला आहे. सोनिस यांचे न दिसणारे टप्पे आठवा.

एक भीती रास्त आहे. उजेडानं पेशींना बळ येत असेल, तर उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशींनाही येईल का? प्रयोगशाळेतल्या बश्यांमधले निकाल दोन्हीकडचे आहेत. रुग्णांकडे पाहिलं तर चित्र धीर देणारं आहे. ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरोत, ९४ रुग्णांना पुढची काही वर्षं पाहत राहिले, आणि लेझर घेतलेल्यांचा कॅन्सर जास्त उसळलेला दिसला नाही. उलट उपचारांना त्यांचा प्रतिसाद सरस होता. तरीही गाठीवर थेट उजेड टाकायचा नाही, हा नियम सांभाळला जातो, आणि सांभाळलाच पाहिजे.

आता आपल्याकडची अडचण. विदर्भात पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा मिळतो. सुपारी, तंबाखू, चुना. सुपारीनं गालातलं मऊ अस्तर हळूहळू तंतूंनी ताठ होतं आणि तोंड उघडणंच कमी होत जातं. निरोगी तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात दोन, मग एक. कॅन्सर तोंडाचाच, उपचार तोंडावरच, आणि औषधी उजेडाची नळी आत जायला वाटच नाही. अशांसाठी गालाच्या बाहेरून अवरक्त उजेड देणारी यंत्रं आहेत, पण आतून देण्याएवढा भक्कम पुरावा त्यांच्या पाठीशी अजून उभा राहिलेला नाही. पन्नी हातात घेतलेल्या पोराला फुफ्फुसांची चित्रं दाखवण्याऐवजी स्वतःची तीन बोटं तोंडात घालून पाहायला सांगावं, असं मला फार वाटतं.

लेझर नसेल तिथे हात रिकामे आहेत असंही नाही. मेल्फॅलान हे औषध प्रत्यारोपणाआधी मोठ्या मात्रेत देतात. ते शिरेतून जात असताना तोंडात बर्फाचे तुकडे घोळवायचे. गारव्यानं तोंडातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, औषध तिथे कमी पोचतं, आणि ते रक्तातून लवकर ओसरत असल्यामुळे तेवढा वेळ निभावला की पुष्कळ साधतं. काही रुपयांचा बर्फ. डोक्या-मानेच्या किरणोपचारांत मधालाही २०२० च्या सूचनांत जागा मिळाली आहे; म्हणजे आजीचा मध अगदीच खोटा नव्हता. प्रतिकारशक्ती शून्यावर असलेल्या प्रत्यारोपणाच्या रुग्णानं मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज मधाचं बोटही तोंडात घालू नये. बाकी मऊ ब्रश, साध्या मिठा-सोड्याच्या गुळण्या, आणि उपचारांआधी दातांची तपासणी. किडका, टोकदार दात रोज त्याच जागी घासत राहिला तर कुठलाही उजेड पुरा पडत नाही.

कामरगावचा माणूस कॅन्सरच्या उपचारांसाठी बहुधा नागपूर गाठतो, नाहीतर मुंबई. हाती फाइल, पिशवीत रिपोर्ट, आणि डोक्यात एकच प्रश्न: जगेल ना? तोंड येईल, हे त्याला कुणीतरी जाता जाता सांगतं. त्याच बैठकीत, पहिल्या किरणाच्या आधी, केमोच्या पहिल्या बाटलीच्या आधी, त्यानं विचारायचं: ‘डॉक्टरसाहेब, तोंड येऊ नये म्हणून लेझर इथे देतात का? दातांच्या विभागात मिळेल का? पहिल्या दिवसापासून सुरू करता येईल का?’ तिसऱ्या आठवड्यात हा प्रश्न विचारायला तोंड उघडत नाही.

आणि समजा सोय असली, तर तो दिवस असा जातो. खुर्चीत बसायचं, कवळी असेल तर काढायची, डोळ्यांवर गॉगल. देणाऱ्याच्याही डोळ्यांवर. नळीचं टोक गालाच्या आत टेकतं, काही सेकंद थांबतं, पुढे सरकतं. बाहेरून पाहणाऱ्याला गालातून लालसर झाक दिसते, तळहाताखालच्या बॅटरीसारखी. मग तोच माणूस उठून रेडिएशनच्या खोलीत जातो, मुखवटा बसवून आडवा होतो आणि ‘लाईट’ घेतो. गावाकडे रेडिएशनला लाईट म्हणतात, शेक म्हणतात, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीनंही त्यात चूक नाही: ते क्ष-किरणही उजेडाच्याच कुळातले. फरक आहे तो कणाकणातल्या ऊर्जेचा. लाल उजेडाच्या एका कणात साधारण दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट, त्या यंत्राच्या किरणाच्या एका कणात साधारण त्याच्या दहा लाख पट. यंत्राचा किरण डीएनए तोडतो, गाठीचा आणि गालाचाही. लाल उजेडाला त्या डीएनएचा एक बंधही तोडता येत नाही. अर्ध्या तासाच्या अंतरानं एकाच तोंडावर हे दोन्ही उजेड पडतात, सोमवार ते शुक्रवार, सहासात आठवडे, आणि लाल नेहमी आधी.